शिसे मुलांपर्यंत पोहोचण्याआधी

शिशाची विषबाधा झालेल्या मुलांना औषध दिल्यास त्यांच्या बुद्धीची हानी टाळता येते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत 780 लहान मुलांवर एक चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 20 ते 44 मायक्रोग्रॅम शिसे होते. सक्सिमर या औषधाने ते प्रमाण उतरले. परंतु औषध घेतलेली मुले आणि न घेतलेली मुले यांच्या बौद्धिक चाचण्यांत फरक दिसला नाही. तीव्र विषबाधेत अशी औषधे जीव वाचवतात, पण मेंदूचे झालेले नुकसान ती भरून काढू शकत नाहीत. म्हणूनच शिशाच्या बाबतीत खरा उपचार दवाखान्यात नसून कायद्यात आणि त्याच्या अंमलबजावणीत आहे, असे मला ठामपणे वाटते.

शिसे शरीराला कॅल्शियमसारखे भासते. त्यामुळे ते आतड्यांतून रक्तात, रक्तातून मेंदूत आणि हाडांत सहज शिरते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलाचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट अधिक भाग शोषून घेते, आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. आपल्याकडील मुलांमध्ये रक्तक्षय किती सर्रास आढळतो, हे लक्षात घेता ही बाब विशेष चिंतेची आहे. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही.

भारतात या दिशेने पडलेले सर्वांत मोठे पाऊल पेट्रोलमधील शिसे काढून टाकण्याचे होते. 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारे उपकरण) असलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर लागू झाले. 1997 मधील पाहणीत मुंबईतील सुमारे 62 टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले होते. शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यानंतरच्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे 33 टक्क्यांवर आले. कोणत्याही आईवडिलांना काहीही वेगळे करावे लागले नाही आणि तरीही शहरातील मुलांच्या रक्तातले विष घटले, ही या धोरणाची ताकद होय. उरलेल्या एक तृतीयांश मुलांच्या शरीरात मात्र ते अन्य वाटांनी येत होते, आणि त्या वाटा बंद करणे अधिक अवघड आहे. पेट्रोल मोजक्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून बाहेर पडते. याउलट, ज्यांच्या कामातून शिसे मुलांपर्यंत पोहोचू शकते ते हळद दळणारे, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारे आणि भांडी ओतणारे लोक गावोगावी विखुरलेले असतात.

अशी विखुरलेली वाटही बंद करता येते, हे बांगलादेशाने दाखवून दिले आहे. तेथील ग्रामीण भागातील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे का आढळते याचा शोध घेताना संशोधकांनी शिशाच्या समस्थानिकांची, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणाची, तुलना केली, आणि माग निघाला तो हळदीपर्यंत. हळकुंडांना पॉलिश करताना त्यांचा पिवळेपणा खुलावा म्हणून त्यांत लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य मिसळले जात होते. 2019 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारांत सूचनापत्रके लावली, ढाक्याच्या घाऊक बाजारात हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण उपकरणाने जागीच तपासणी केली, दोषी व्यापाऱ्यांना दंड ठोठावला आणि ही कारवाई दूरचित्रवाणीवरून लोकांपर्यंत पोहोचू दिली. 2019 मध्ये बाजारातील 47 टक्के नमुन्यांत भेसळ सापडत होती. 2021 मध्ये एकाही नमुन्यात ती सापडली नाही. पॉलिश करणाऱ्या मजुरांच्या रक्तातील शिसेही उतरले.

आपल्याकडे नियम नाहीत असे मुळीच नाही. हळदीत लेड क्रोमेट असण्यास बंदी आहे, घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएम (दर दहा लाख भागांत 90 भाग) आहे, आणि वापरलेल्या बॅटऱ्यांसाठी 2001 साली आलेल्या नियमांची जागा 2022 मध्ये नव्या नियमांनी घेतली आहे. तरीही दक्षिण आशियातील हळदीच्या 2024 मधील अभ्यासात पाटण्याचे काही नमुने अत्यंत दूषित निघाले. युनिसेफच्या 2020 मधील अहवालाच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मधील मार्गदर्शक सूचनेनुसार ही पातळी गाठली गेली की शिशाचा स्रोत शोधून तो दूर करायला हवा. परंतु मुलांची नियमित रक्ततपासणीच होत नसेल, तर शोध सुरू तरी कोठून करायचा?

सांगली, वसमत आणि हिंगोलीसारख्या मोठ्या हळद बाजारपेठा असलेल्या महाराष्ट्राला हे काम हाती घेणे सहज शक्य आहे. अन्न व औषध प्रशासनाने सुट्या हळद पावडरीचे नमुने ठरावीक काळाने जागच्या जागी तपासून निष्कर्ष जाहीर करावेत, आणि बॅटऱ्या फोडण्याची कामे चालतात त्या वस्त्यांतील अंगणवाड्यांमध्ये बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्ताची तपासणी सर्वांत आधी सुरू करावी. ज्या मुलांमध्ये शिसे आढळेल, त्यांना लोह आणि कॅल्शियम पुरेसे मिळेल याची व्यवस्था तेथूनच करता येईल, आणि घरातील नेमका स्रोत शोधण्यासाठी आरोग्य कर्मचारी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी पोहोचू शकतील.