साउथ जॉर्जियावरील वैज्ञानिक संशोधन

साउथ जॉर्जिया हे दक्षिण अटलांटिक महासागरातले डोंगराळ, हिमाच्छादित बेट ५४° ते ५५° दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान, फॉकलंड बेटांच्या आग्नेयेस सुमारे १,४०० किमी. अंतरावर आहे. लांबी साधारण १७० किमी., रुंदी जिथे सर्वाधिक तिथेही ४० किमी.च्या आसपास. मधोमध उभ्या पर्वतरांगेतले माउंट पॅजेट हे शिखर २,९०० मी.हून उंच आहे. बेटाचा ताबा ब्रिटनकडे असून अर्जेंटिनाही त्यावर हक्क सांगतो. येथे कायमची वस्ती नाही. किंग एडवर्ड पॉइंट आणि वायव्य टोकाजवळचे चिमुकले बर्ड आयलंड या दोन ठाण्यांवर शास्त्रज्ञ आणि काही सरकारी कर्मचारी पाळीपाळीने असतात.

अंटार्क्टिक वर्तुळापासून हे बेट बरेच उत्तरेला आहे. लंडन विषुववृत्तापासून उत्तरेला जेवढे, त्याहून थोडेसेच अधिक ते दक्षिणेला आहे. तरी त्याचा निम्म्याहून अधिक भाग बर्फाखाली असतो. अंटार्क्टिकाभोवतीचे थंड पाणी आणि उत्तरेचे तुलनेने उबदार पाणी जिथे भेटते ती सीमा बेटाच्या उत्तरेकडून जाते, म्हणजे बेट थंड पाण्याच्या बाजूला पडते. याच पाण्याबरोबर अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडून आणि स्कॉशिया समुद्रातून क्रिल (कोळंबीसारखा, बोटाएवढा जीव) वाहत येतो. बेटाच्या आसपास क्रिलची पैदास फारशी होत नाही, तो बाहेरूनच यावा लागतो. ज्या वर्षी कमी येतो त्या वर्षी किनाऱ्यावर पिल्ले उपाशी मरतात. पेंग्विन, सील, ॲल्बट्रॉस आणि देवमासे यांची इथली गर्दी या आयात अन्नावर पोसलेली आहे.

जेम्स कुक १७ जानेवारी १७७५ रोजी येथे उतरला. त्याच्या जहाजावर योहान राइनहोल्ड फॉर्स्टर आणि त्याचा मुलगा गेऑर्ग हे निसर्गअभ्यासक होते, त्यामुळे बेटाची पहिली वैज्ञानिक नोंदही याच भेटीतली. आपण दक्षिणेच्या महाखंडाला नव्हे तर एका बेटाला वळसा घालतो आहोत हे कळल्यावर कुकने टोकाच्या भूशिराला ‘निराशेचे भूशिर’ अशा अर्थाचे नाव दिले. त्याच्या वृत्तांतात फर सीलचा उल्लेख होता आणि तो व्यापाऱ्यांनी शास्त्रज्ञांपेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचला. १७८०च्या दशकात कातड्यांसाठी सीलची कत्तल सुरू झाली. १८२०च्या दशकात येथे आलेल्या जेम्स वेडेल या दर्यावर्दीने तोवर १२ लाख कातडी गेल्याचा अंदाज केला. याच जहाजांतून उंदीर उतरले. पुढची दोनशेहून अधिक वर्षे ते बेटावर राहिले.

पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात (१८८२–८३) कार्ल श्राडर याच्या नेतृत्वाखालील जर्मन तुकडीने रॉयल बे येथे वर्षभर मुक्काम केला. तिने हवामान आणि चुंबकत्व यांच्या नोंदी ठेवल्या, ६ डिसेंबर १८८२चे शुक्राचे अधिक्रमण (शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना दिसणे) पाहिले आणि जवळच्या रॉस हिमनदीचे मोजमाप केले. हिमनदी किती मागे हटली हे सांगताना आजही सुरुवात याच नोंदींपासून करता येते.

व्यापारी शिकार आणि विज्ञान यांची खरी गाठ १९०४ नंतर पडली. त्या वर्षी नोव्हेंबरात कार्ल आंतोन लार्सेन या नॉर्वेजियन कप्तानाने ग्रीटव्हिकेन येथे देवमासे कापण्याचा कारखाना उभारला. पुढे किनाऱ्यावर असे आणखी कारखाने निघाले. १९६५ पर्यंत या बेटावर एकूण १,७५,२५० देवमासे ओढून आणले गेले. शिकार अशीच चालली तर माल संपेल, ही भीती प्रथम सरकारी कचेरीत उमटली, आणि व्हेलच्या तेलावर कर बसवून त्या पैशातून ‘डिस्कव्हरी इन्व्हेस्टिगेशन्स’ ही संशोधनयोजना आखण्यात आली (१९२५–५१). म्हणजे देवमाशांचा अभ्यास देवमाशांच्याच तेलावर चालला. हे विसंगत वाटते, पण दुसरा कोणी पैसे देणारा नव्हता.

या योजनेचे प्रमुख स्टॅन्ली केम्प होते. सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी चालत्या जहाजामागे ओढून प्लवकांचा (पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांचा) सलग नमुना रेशमी जाळीवर गोळा करणारे यंत्र याच मोहिमेसाठी बनवले. त्याच्या सुधारित आवृत्त्या अजून वापरात आहेत. किनाऱ्यावरचे काम मात्र निराळे होते. किंग एडवर्ड पॉइंटच्या प्रयोगशाळेतले नील मॅकिंटॉश आणि जे. एफ. जी. व्हीलर हे रोज पलीकडच्या कारखान्याच्या फलाटावर जात आणि कामगार चरबी सोलत असतानाच मोजमापे घेत. रक्त आणि तेलाने निसरड्या झालेल्या फळ्यांवर उभे राहून जबडा, गर्भ, पोटातले अन्न, अंडाशय असे सगळे तपासायचे. मादीच्या अंडाशयावर प्रत्येक बीजविमोचनाचा व्रण कायम राहतो, तेव्हा व्रण मोजून तिच्या वयाचा अदमास बांधता येतो, हे या तपासणीतून पुढे आले. दक्षिण आफ्रिकेतल्या कारखान्यासह दीड हजारांहून अधिक देवमासे त्यांनी असे पाहिले. निळ्या देवमाशाची मादी लवकरात लवकर दोन वर्षांतून एकदा, एकच पिल्लू देते. हा एक आकडा धोक्याची घंटा वाजवायला पुरेसा होता. पण तोवर उद्योग हातचा निसटला होता. १९२५ मध्ये मागच्या बाजूने देवमासा आत ओढून घेणारी तरंगती कारखाना-जहाजे आली. त्यांना बंदर नको, परवाना नको, बेटावरचा करही नको. १९३०–३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिक समुद्रात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले.

हत्ती सीलच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञाचे ऐकले गेले, आणि हे उदाहरण अकारण दुर्लक्षित राहिले आहे. चरबीच्या तेलासाठी या सीलच्या नरांची शिकार परवान्याने चाले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड लॉज यांनी सुळ्याचा आडवा छेद घेऊन त्यातली वर्षागणिक पडणारी वलये मोजली आणि मारलेल्या सीलचे नेमके वय काढले. ही युक्ती पुढे इतर अनेक सस्तन प्राण्यांना लागू पडली. शिकारीतल्या नरांचे सरासरी वय घसरत चालले आहे, म्हणजे पुरते वाढलेले नर संपत आले आहेत, हे त्यांनी दाखवले. सरकारने कोटा आवळला, वयाची अट घातली आणि काही वर्षांतच सरासरी वय पुन्हा चढले. १९६४ मध्ये ही शिकार बंद झाली तेव्हा सील टिकून होते.

बर्ड आयलंड जेमतेम ५ किमी. लांब आहे. उंदीर तेथे कधी पोहोचले नाहीत, म्हणून पक्षी टिकले. लान्स टिकेल यांनी १९५८ पासून तेथील वाँडरिंग ॲल्बट्रॉसच्या पायांत क्रमांकाची कडी घालायला सुरुवात केली. पंखांचा पसारा तीन मीटरहून अधिक असलेला हा पक्षी वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास प्रथम वितो, दोन वर्षांत एकच पिल्लू वाढवतो आणि पन्नाशीही गाठतो. अशा पक्ष्याबद्दल दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पातून काहीच कळत नाही. कोणत्या क्रमांकाचा पक्षी कोणाशी जोडी जमवून कुठे बसला आहे हे दर वर्षी घरट्याघरट्याशी जाऊन लिहायचे, आणि लिहिणारी पिढी बदलली तरी वही बदलायची नाही, ही इथली पद्धत आहे. हिवाळ्यात हे काम जेमतेम चार माणसांवर असते.

बाकीचे बरेचसे कामही असेच हातांनी करायचे. फर सीलची विष्ठा पाण्यात कालवून गाळणीतून काढतात, तिच्यातल्या क्रिलच्या कवचाचे तुकडे मोजपट्टीवर ठेवतात. त्यावरून त्या आठवड्यात समुद्रात कोणत्या आकाराचा क्रिल होता हे कळते. ॲल्बट्रॉसच्या पिल्लाने ओकून टाकलेल्या गोळ्यात माकुलांच्या चोची सापडतात, आणि चोचीवरून माकुलाची जात ओळखता येते. त्याच गोळ्यात कधी मासेमारीचा गळही निघतो. मॅकरोनी पेंग्विनांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत वजनकाटा बसवला आहे. त्यावरून पक्षी चालत गेला की भरल्या पोटाने आला की रिकाम्या, याची नोंद आपोआप होते.

गळाची नोंद पुढे फार महत्त्वाची ठरली. वाँडरिंग ॲल्बट्रॉसच्या जोड्या १९६०च्या दशकात बर्ड आयलंडवर दीड हजारांहून अधिक होत्या, त्या निम्म्याच्या घरात आल्या. घरट्यांत दोष नव्हता. मोठे पक्षी समुद्रावरून परतत नव्हते. टूथफिश या खोल पाण्यातल्या महाग माशासाठी बोटी हजारो गळांची लांब दोरी सोडतात. दोरी बुडण्याआधी आमिषावर झडप घालणारा पक्षी गळाला अडकून पाण्याखाली ओढला जातो. १९९७ च्या हंगामात बेटाभोवती पाच हजारांहून अधिक समुद्रपक्षी असे मेल्याचा अंदाज आहे. अंटार्क्टिक सागरी सजीवसंपत्तीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (भारत १९८०च्या दशकापासून त्याचा सभासद आहे) दोरी रात्रीच सोडावी, तिला वजने बांधावीत, मागे फडफडत्या पट्ट्या लावाव्यात असे नियम केले. मासेमारीचा हंगामही पक्ष्यांच्या विणीनंतर हिवाळ्यात ढकलला गेला. काही वर्षांत या पाण्यातली पक्ष्यांची हानी जवळजवळ शून्यावर आली.

तरीही ॲल्बट्रॉस घटतच राहिले. कारण पक्षी नियम पाळणाऱ्या पाण्यापुरते राहत नाहीत. पायाला लावलेल्या, उजेडाची नोंद ठेवणाऱ्या लहान यंत्रांवरून करड्या डोक्याच्या ॲल्बट्रॉसचे मार्ग काढले तेव्हा २२ पैकी १२ पक्ष्यांनी विणीच्या दोन हंगामांमधल्या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केल्याचे आढळले. सर्वांत वेगवान पक्ष्याला ४६ दिवस लागले (२००५ मध्ये प्रसिद्ध). ॲल्बट्रॉसांच्या वाटांवर ब्राझील-उरुग्वेचा किनारा लागतो, खुल्या समुद्रातल्या ट्यूनाच्या बोटी लागतात. तिथे साउथ जॉर्जियाचा कायदा चालत नाही. २०१२ मध्ये बेटांभोवती १० लाख चौ. किमी.हून मोठे सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झाले, पण या पक्ष्याच्या हिशेबाने तेही अंगणच.

मुख्य बेटावर उंदरांनी जमिनीवर आणि बिळात घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त केली होती. साउथ जॉर्जिया पिपिट हा अंटार्क्टिक प्रदेशातला एकमेव गाणारा पक्षी (आपल्या माळरानावरच्या तीरचिमणीचा भाईबंद) मुख्यतः आसपासच्या उंदीरमुक्त खडकांवर उरला. उंदीर एकाच वेळी संपूर्ण बेटावरून काढणे अशक्य होते, पण समुद्रापर्यंत उतरणाऱ्या हिमनद्यांनी बेटाचे तुकडे पाडले होते आणि उंदीर बर्फ ओलांडत नाहीत. म्हणून एकेक तुकडा साफ करता येत होता. अडचण अशी, की हिमनद्या झपाट्याने आखडत होत्या. आणखी काही दशकांनी दोन तुकडे जोडले गेले असते आणि ही संधी गेली असती. नॉर्वेहून देवमाशांच्या शिकाऱ्यांनी मांसासाठी आणलेले रेनडिअरही (पहिले १९११ मध्ये) हिमनद्यांनीच अडवलेले होते. २०१३ पासून त्यांना हटवण्यात आले. पहिल्या वर्षी त्यासाठी रेनडिअर पाळणाऱ्या सामी जमातीचे गुराखी नॉर्वेहून आणले होते.

उंदीर मोहीम साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्ट या संस्थेने टोनी मार्टिन यांच्या नेतृत्वाखाली २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत केली. हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या बादलीतून धान्याच्या विषारी गोळ्या पट्ट्यापट्ट्याने पेरल्या. एकही उंदीर आमिषाविना सुटता कामा नये, कारण एक गाभण मादी उरली तरी सारे पाण्यात. एकूण हजार चौ. किमी.हून अधिक जमीन आणि सुमारे ३०० टन आमिष असा हा पसारा होता. स्कुआ हे शिकारी समुद्रपक्षी आणि पिनटेल बदकेही विषाने मेली. ही किंमत आधीच गृहीत धरलेली होती आणि दोन्ही जाती पुढे सावरल्या. २०१७–१८ मध्ये वास काढणारी कुत्री, उंदरांनी कुरतडाव्यात म्हणून ठेवायच्या काड्या आणि कॅमेरे घेऊन बेट पुन्हा पालथे घातले. एकही उंदीर मिळाला नाही. ८ मे २०१८ रोजी बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे बूट, पिशव्यांचे कोपरे आणि कपड्यांच्या चिकटपट्ट्या बियांसाठी तपासल्या जातात.

देवमासे परतताना दिसतात. १९९८ ते २०१८ या काळातल्या देवमाशांसाठीच्या सर्वेक्षणांत निळा देवमासा एकदाच दिसला होता. २०२०च्या मोहिमेत पन्नासहून अधिक वेळा नोंदला गेला. फर सीलनीही नामशेष होण्याच्या काठावरून लाखोंची संख्या गाठली, मात्र २००९ नंतर ती पुन्हा उतरते आहे आणि बर्ड आयलंडवरच्या नोंदी क्रिलच्या टंचाईकडे बोट दाखवतात. समुद्र तापतो आहे, शिवाय मोठे हिमनगही येऊन धडकतात: ए-६८ए या हिमनगाने २०२०–२१ मध्ये बेटाजवळ वितळताना अंदाजे १५,२०० कोटी टन गोडे पाणी सोडले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्ड आयलंडवरच्या स्कुआंमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू आढळला. अंटार्क्टिक प्रदेशातली ही त्याची पहिली नोंद. पाठोपाठ तो सीलमध्ये गेला. तीन सर्वांत मोठ्या किनाऱ्यांची ड्रोनमधून घेतलेली छायाचित्रे ताडून पाहता २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत विणीला आलेल्या हत्ती सीलच्या माद्या ४७ टक्क्यांनी कमी भरल्या. २०२२ची छायाचित्रे साथीच्या आधीच हाताशी होती, म्हणून ही तुलना शक्य झाली. त्यातल्या किती मेल्या आणि किती नुसत्या किनाऱ्यावर आल्या नाहीत, हे छायाचित्रावरून ठरवता येत नाही. त्यासाठी तेच किनारे त्याच महिन्यात पुन्हा मोजावे लागतील.