सल्लामसलत म्हणजे नकाराधिकार नव्हे

कॅनडात आदिवासी समाजाने 'नाही' म्हटले की खाण किंवा पाइपलाइन कायद्याने थांबते, हा समज गुंतवणूकदारांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. 2004 साली हैदा समाजाच्या खटल्यात, जिथे प्रश्न हैदा ग्वाई बेटांवरील देवदारतोडीच्या परवान्याचा होता, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जमिनीवरील हक्क सिद्ध व्हायचा असला, तरी त्याची माहिती असलेल्या सरकारने निर्णयापूर्वी त्या समाजाशी प्रामाणिकपणे सल्लामसलत केलीच पाहिजे, मात्र यातून नकाराधिकार मिळत नाही. दाव्याचे बळ आणि संभाव्य हानी जितकी मोठी, तितकी सल्लामसलत सखोल हवी. हे कर्तव्य सरकारचे आहे, कंपनीचे नव्हे. कंपनीवर फार तर बैठका, माहिती देणे अशी प्रक्रियेतील कामे सोपवता येतात.

हक्क सिद्ध झाल्यावर मात्र चित्र पालटते: त्सिल्कोटीन या आदिवासी समाजाच्या खटल्यातील 2014 च्या निकालानुसार हक्कदार समाजाची संमती घ्यावी लागते किंवा सरकारला हस्तक्षेपाचे कठोर समर्थन करावे लागते. म्हणूनच व्यवहाराची कागदपत्रे तपासणाऱ्या वकिलाने परवान्यावरची सही पाहून थांबू नये, कारण सल्लामसलत अपुरी ठरल्यास न्यायालय तो परवानाच रद्द करू शकते.