अन्ननलिकेचे मॉडेल : खोका उघडलात की आधी हे वाचा

मॉडेल पोचले की पहिला फोन ठरलेला : "नळी चेपलेली आली." ती चेपलेली नाही, तशीच घडवली आहे. घास जात नसतो तेव्हा अन्ननलिका हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी मिटून असते. आमचे पहिले मॉडेल पीव्हीसी पाइपासारखे गोल आणि उघडे होते. एका नर्सिंग कॉलेजच्या मॅडमनी त्यात पेन सोडला, तो खाली टेबलावर पडला. "अन्न असं पडतं का हो?" एवढेच त्या म्हणाल्या. तो साचा सातपूरच्या भंगारात गेला.

अन्न पडत नाही, ढकलले जाते. आतला स्नायू गोल, बाहेरचा उभा. घासाच्या मागची जागा आवळते, पुढची सैल होते. म्हणून उलटे टांगलेल्या माणसालाही गिळता येते. कापलेल्या बाजूला रंग पाहा. वरचा लाल भाग हातापायांच्या स्नायूंच्या जातीचा, खालचा गुलाबी आतड्यांच्या जातीचा, मधे सरमिसळ.

नळी सुमारे २५ सेंमी. पट्टीवरचे आकडे मात्र पुढच्या दातांपासून आहेत, कारण दुर्बीण घालणारे तिथूनच मोजतात. १५ सेंमीवर सुरुवात, २२.५ वर महाधमनीची कमान, २७.५ वर डावी ब्राँकस (डाव्या फुप्फुसाकडे जाणारी श्वासनलिकेची फांदी), ४० च्या आसपास श्वासपटल. या चारही जागी नळी आवळलेली असते. सर्वांत अरुंद पहिली, जेमतेम १५ मिमी. नाशिककरांच्या हिशेबात सांगायचे तर निर्यातीच्या द्राक्षाच्या १८ मिमीच्या मण्याहून बारीक. मुलांनी गिळलेले नाणे बहुधा इथेच अडकते. नाण्याऐवजी घड्याळातला बटण सेल असेल तर केळे भरवत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. तो दोन तासांतही आतून भाजू शकतो.

आता दुसरा ट्रे. यातले चार छोटे तुकडे आमच्या मते मोठ्या मॉडेलपेक्षा मोलाचे, पण बऱ्याच ठिकाणी ते कपाटातच राहतात.

तुकडा १ : गर्भाचा चौथा आठवडा. फोरगट नावाची एकच नळी आहे आणि तिच्या पुढच्या बाजूला, छाटणीनंतर वेलीवर डोळा फुटावा तसा, एक कोंब आलेला आहे. त्याचीच पुढे श्वासनलिका आणि फुप्फुसे होतात. तुकडा २ मध्ये दोघींच्या मधे पडदा येतो. तुकडा ३ : हृदय आणि फुप्फुसे खाली सरकतात, तशी मागची नळी, म्हणजे अन्ननलिका, ताणून लांब होते. मधल्या काळात आतल्या पेशी इतक्या वाढतात की पोकळी बुजत येते. आठव्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा मोकळी होते.

तुकडा ४ हातात घ्या. वरची नळी थैलीसारखी बंद, खालची श्वासनलिकेला जोडलेली. वाटणी नीट झाली नाही की हे होते. या दोषाचे हेच रूप सर्वांत जास्त आढळते. साधारण ३,५०० जन्मांत एखाद्या बाळाला असा दोष असतो. गर्भात त्याला पाणी गिळता येत नाही, म्हणून आईच्या पोटात पाणी जास्त साठलेले असू शकते. जन्मल्यावर तोंडाला फेस, पहिल्या दुधाला ठसका, ओठ निळे. राइल्स ट्यूब (पोटापर्यंत घालायची बारीक नळी) १० सेंमीच्या आसपास अडते किंवा गुंडाळी होऊन परत येते. विद्यार्थिनींना आमची बारीक ट्यूब या तुकड्यात घालून पाहू द्या. बोटाला ते अडणे एकदा कळले की विसरत नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत कॅमेरॉन हाइट यांनी एकाच शस्त्रक्रियेत ही दोन टोके जोडून बाळ वाचवले, तोवर ही मुले क्वचितच जगत.

पुसताना ओले फडके पुरे. स्पिरिट आणि थिनर लावू नका, लाल-गुलाबी रंग एकमेकांत मिसळतात. बारीक ट्यूब हरवली तर फोन करा, ती आम्ही पैसे न घेता पाठवतो. तुकडा ४ हरवला तर मात्र नवा ओतायला आठवडा लागतो.