धोटा आपोआप फिरला तेव्हा : यंत्रे, नागपूर आणि मोकळा वेळ

यंत्रमानव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी माणसाची बहुतेक कामे उरकायला घेतली, तर माणसे दिवसभर करतील काय, हा प्रश्न अलीकडे व्याख्यानमालांपासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येतो, आणि तो जणू काल-परवाच उद्भवला असावा अशा सुरात विचारला जातो. नागपूरला मात्र तो जुना आहे. येथे यंत्राने एकदा हातमागावरचे काम उचलले आणि सव्वाशे वर्षांनी ते यंत्रच थांबले. दोन्ही वेळा हजारो घरांतल्या दिवसाची घडी विस्कटली. त्यातून जे हाती आले, त्यासाठी मराठीत दोन जातींचे शब्द आहेत. सवड, फुरसत, विसावा, सुट्टी हे मिळवायचे शब्द. रिकामपण हा वाट्याला येणारा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण न्हाव्याची थट्टा करते खरी, पण त्याच्याकडे गिऱ्हाईक का आले नाही, हे ती विचारत नाही. स्वयंचलित भविष्यातील मोकळ्या वेळाची चर्चा बहुधा याच जागी घसरते.

यंत्र आणि फुरसत यांची सांगड घालणारे एक फार जुने विधान विणकामाविषयीच आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने लिहिले की धोटा, म्हणजे मागावर आडवे सूत नेणारे साधन, आपोआप विणू लागला, तर धन्यांना गुलामांची गरज उरणार नाही. तसे घडेल असे त्याला वाटत नव्हते. गुलामगिरी अपरिहार्य आहे, हे पटवण्यासाठीच त्याने ही कल्पना लढवली होती. नागपुरातील कोष्टी, हलबा-कोष्टी आणि मोमीन विणकरांच्या वस्त्यांत धोटा हाताने फिरत असे. खड्ड्यात पाय सोडून माणूस मागावर बसे, घरातल्या बायका आणि मुले कांड्या भरत, आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावायची झाली की सूत गल्लीभर पसरावे लागे, म्हणून ते काम सकाळच्या उन्हात होई आणि पावसाळ्यात अडून राही. अशा घरात काम कुठे संपले आणि फुरसत कुठे सुरू झाली, याची रेघ ओढता येत नसे. विणता विणता गप्पा होत, भजन होई, उधारीचा हिशेबही होई. जात्याचेही तसेच होते. पहाटेच्या दळणाबरोबर ओवी येत असे. ती फुरसतीत रचली जात नसे, श्रमातच रचली जात असे. गावोगावी पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या हातांना आलेले घट्टे गेले आणि त्यांच्याबरोबर ओवीही मागे पडली. ही अदलाबदल वाईट होती असे म्हणण्याचे धाडस ज्याने कधी दळले नाही त्याने करू नये. पण यंत्राने सुटा केलेला वेळ आणि यंत्राने पुसून टाकलेले गाणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, एवढे नोंदवणे भाग आहे.

काम आणि फुरसत यांच्यातली रेघ नागपुरात गिरणीच्या भोंग्याने ओढली. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस वऱ्हाडचा, रेल्वे दाराशी आणि मजूर आसपासच्या खेड्यांतले, असा तो जमाखर्च होता. मात्र मजूर एका बाबतीत व्यवस्थापनाला चकवत राहिले. महिन्याच्या गरजेपुरते पैसे झाले की पुढचे काही दिवस घरी राहावे, शेताची कामे, लग्नसराई किंवा पोळा साधावा, ही त्यांची रीत होती. ज्या मुलखात पोळ्याला बैलाच्या मानेवरसुद्धा जू ठेवत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात, तेथे माणसाने भोंग्यासाठी सण सोडावा, हे कुणाच्या गळी उतरणार होते? नियमित हजेरीसाठी बक्षिसे, अपघाताची भरपाई, निवृत्तिवेतन आणि पुढे भविष्यनिर्वाह निधी अशा ज्या सोयींसाठी ही गिरणी नावाजली गेली, त्यांमागे मालकाची दूरदृष्टी होती, तशी मजुराला गिरणीत टिकवून धरण्याची निकडही होती. जास्तीच्या पैशापेक्षा मोकळा दिवस पसंत करणाऱ्या त्या मजुरांना आळशी म्हटले गेले. आज वेतनापेक्षा वेळ निवडणाऱ्यांचे कौतुक होते, ते बहुधा वेतन भरपूर असलेल्यांचेच.

यंत्राने काम लवकर होते म्हणून कामाचे तास कमी होतील, हा समज इतिहासाने फारसा मानलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले, तेव्हा सूर्य मावळल्यावर थांबणारे काम रात्रीपर्यंत लांबले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. तास कमी झाले ते संघटना आणि कायदा यांच्या रेट्याने, तेही कूर्मगतीने. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने फक्त मुलांचा विचार केला : सात वर्षांखालच्यांना बंदी, सात ते बारा वयाच्यांना नऊ तास आणि महिन्यातून चार सुट्ट्या. सरसकट साप्ताहिक सुट्टीसाठी मजूर नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत १८८४ पासून सभा आणि अर्ज यांचा धडाका लावला; रविवार हा खंडोबाचा वार, हे त्यांच्या मागणीमागचे एक कारण सांगितले जाते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. इंग्रजांनी चर्चसाठी आणलेला वार म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, तो रविवार निदान गिरणगावापुरता एका सत्यशोधकाने झगडून मिळवलेला आहे. प्रौढ पुरुषांच्या तासांना १९११ मध्ये पहिल्यांदा मर्यादा आली, ती बारा तासांची, आणि फक्त कापड गिरण्यांत. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ मध्ये चोपन्न, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. शेवटचा बदल झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि कारखान्यातील मजुराला पगारी रजा देणारी दुरुस्तीही त्यांच्याच कारकिर्दीतली.

या मिळालेल्या तासांचे मजूर करणार काय, अशी चिंता तेव्हाही होती. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२४ मध्ये मजुरांच्या मोकळ्या वेळाच्या वापराविषयी खास शिफारस केली. बागा, खेळ आणि वाचनालये असावीत, दारू आणि जुगाराला आळा बसावा, असा तिचा रोख होता. एम्प्रेस मिलनेही त्या दशकात मजुरांच्या कल्याणाचे काम यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनकडे सोपवले होते. हेतू चांगला असला, तरी मजुराच्या संध्याकाळीचे वेळापत्रक दुसऱ्याने आखायचे, ही सवय तेव्हापासूनची आहे, आणि आजच्या भविष्यवेत्त्यांच्या लिखाणातही ती डोकावते.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाद नागपूरच्या परिसरातच उभा राहिला, आणि त्याची दखल मोकळ्या वेळाच्या चर्चेत घेतली जात नाही, याचे नवल वाटते. १९३४ मध्ये गांधीजी नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला आले. त्याच वर्षअखेरीस मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि १९३६ मध्ये ते शेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला, राहू लागले. १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी मांडले की खेड्यांतल्या कोट्यवधी लोकांना फुरसत कशी मिळवून द्यावी हा आपला प्रश्नच नाही; वर्षाकाठी सहा महिन्यांच्या कामाइतके त्यांचे जे तास रिकामे जातात, ते कसे उपयोगी आणावेत, हा खरा प्रश्न आहे. जेथे हात कमी तेथे यंत्र ठीक, जेथे हातच जास्त तेथे ते अनर्थकारक. चरख्याकडे या नजरेने पाहिले, तर तो रिकाम्या वेळावरचा उतारा होता.

आंबेडकरांनी १९४५ मध्ये या मांडणीवर नेमका उलटा घाव घातला. त्यांच्या मते पशू आणि माणूस यांच्यात फरक पडतो तो संस्कृतीमुळे, आणि संस्कृती फुरसतीवाचून संभवत नाही. केवळ पोट भरण्यात ज्याचा सारा दिवस जातो त्याला मन फुलवायला अवसर कुठून मिळणार? म्हणून यंत्रे हवीत, आणि अधिक यंत्रे हवीत. काही थोड्यांना फुरसत आणि बाकीच्यांना कष्ट ही व्यवस्था लोकशाही न मानणाऱ्या समाजाला चालून जाईल, लोकशाही मानणाऱ्याला चालणार नाही. यंत्रांमुळे अनर्थ झाले असतील, तर त्याचा दोष यंत्राकडे नाही, त्याचा लाभ थोड्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेकडे आहे, हा त्यांचा निष्कर्ष. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी कष्ट बांधले होते, त्यांच्या बाजूने हे बोलले गेले, हे लक्षात घेतले की श्रमाच्या गौरवाची भाषा कोणाला सोपी जाते, याचाही उलगडा होतो. प्रस्तुत लेखकाला आंबेडकरांची बाजू अधिक पटते. पण रिकाम्या हातांविषयी गांधीजींनी घेतलेली शंका गिरणीच्या पुढच्या इतिहासाने खोटी पाडली नाही, हेही मान्य केले पाहिजे.

पाश्चात्त्य चर्चेत याच काळातला सर्वांत परिचित दाखला अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचा आहे. शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल, असे त्यांनी १९३० मध्ये लिहिले. त्याच वर्षी अमेरिकेत केलॉग कंपनीने आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू केल्या. तो प्रयोग आक्रसत जाऊन १९८५ मध्ये पुरता संपला. केन्स यांची मुदत २०३० मध्ये संपते.

एम्प्रेस मिलची मुदत आधीच संपली. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि तोटा यांनी ती खंगत गेली, १९८६ मध्ये टाटांच्या हातून सुटली, पुढे शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाने चालवली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. गिरणीच्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल उभा आहे. जेथे घड्याळाकडे पाहत पाळी भरायची, तेथे लोक सुट्टीचा वेळ घालवायला येतात, सरकत्या जिन्यावरून वर जातात, काचेआडचे कपडे पाहतात आणि पुष्कळदा काही न घेता परततात. पाळी सुटलेल्या माणसांच्या हाती जो वेळ पडला होता, तो मोजायला तासांची कमतरता नव्हती. पण त्यात सणही नीट साजरा होत नव्हता, कारण सणाला लागणारा पैसा आणि चारचौघांत ताठ मानेने बसण्याचा हक्क, दोन्ही पगाराबरोबर गेले होते.

आजच्या मोकळ्या वेळाचे हिशेब पाहिले, तर ते एकसारखे नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात असे पुरुष फार थोडे होते. मिक्सर, गॅस आणि धुलाई यंत्र घरात येऊनही ही दरी आहे. रस्त्यावर वेळाची आणखी एक जात दिसते. धरमपेठेत संध्याकाळी खाद्यपदार्थ पोहोचवणारी मुले दुचाकीवर एक पाय टेकवून, मोबाइल हँडलला अडकवून पुढच्या ऑर्डरची वाट पाहत थांबतात. त्या वीस मिनिटांना काम म्हणावे तर मोबदला नाही आणि फुरसत म्हणावी तर जागचे हलता येत नाही. ही वाट पाहायला लावणारे गणित यंत्रच करते.

सरकारी धोरणाची गतीही एका दिशेची नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला; २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम ठेवून. बारा हा आकडा १९११ च्या कायद्यातलाच आहे. महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने देशात सर्वांत आधी हमी दिली ती रोजगाराची. काम न करता उत्पन्न, ही कल्पना २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत एका प्रकरणापुरती चर्चिली गेली.

यंत्राच्या आधीपासून मोकळ्या वेळाची घट्ट बसलेली व्यवस्था पाहायची असेल, तर नागपूरहून पूर्वेला झाडीपट्टीत जावे लागते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर पीक घरात आले की शेतकऱ्याचे हात मोकळे होतात. गांधीजींच्या हिशेबात रिकामे म्हणून मोजले गेलेले हेच महिने. पण गावांनी त्यांत दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार बसवले, आणि शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जमलेल्या गर्दीसाठी रात्री नाटक लावले. आज त्यातून झाडीपट्टी रंगभूमी हा मोठा व्यवसाय झाला असून वडसा हे त्याचे केंद्र आहे. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये ओळीने लागलेली दिसतात आणि गावोगावचे लोक येऊन तारखा ठरवून जातात. अलीकडे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, हार्वेस्टर उतरतो आणि आठवड्याची कापणी काही तासांत उरकतो. मजुरांचे दिवस त्याने कमी केले, आणि पुष्कळ तरुण कामासाठी बाहेर जातात. नाटकाचा हंगाम मात्र अजून धानाच्याच पंचांगाने चालतो. रात्री उशिरा पडदा उघडतो, माणसे घोंगडी आणि चादरी अंगावर घेऊन बसतात, आणि नाटक संपते तेव्हा बांधीवर उजाडू लागलेले असते.