न उघडणाऱ्या फाइलची पहिली दोन अक्षरं

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. "मावशी, प्रबंधाचं चौथं प्रकरण उघडतच नाहीये गं. फाइल करप्ट झालीय म्हणतो." काम लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर केलेलं, आणि तो रोज बंद होताना सगळं पुसून टाकतो. फाइल कॉपी होत असतानाच तिने घाईत पेनड्राइव्ह ओढला होता. म्हणजे होती ती एवढी एकच प्रत.

मी म्हटलं, आधी हात बाजूला घे. त्या फाइलची एक नक्कल कर आणि पुढचं सगळं नकलेवर. हे मी कळवळून सांगते, कारण बहुतेक वेळा फाइल बिघाडाने जात नाही, बिघडलेल्या फाइलवर घाबरून 'सेव्ह' दाबल्याने जाते.

वर्डची डॉक्स फाइल ही खरं तर एक फाइल नसतेच. २००७ च्या ऑफिसपासून ती एक गाठोडं आहे: मजकूर एका फाइलीत, तळटीपा दुसरीत, चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि हे सगळं झिप पद्धतीने आवळून बांधलेलं. ही पद्धत फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८९ मध्ये आणली. त्याच्या नावाची आद्याक्षरं, पी आणि के, आजही पासवर्ड नसलेल्या प्रत्येक डॉक्स फाइलच्या अगदी सुरुवातीला बसलेली असतात.

झिपची यादी मात्र शेवटी असते. कोणती वस्तू कुठे आहे, केवढी आहे, हे सगळ्या वस्तू लिहून झाल्यावरच पक्कं कळतं, म्हणून ती शेपटाला लिहितात. फाइल उघडताना वर्ड आधी ही यादी शोधतो. कॉपी अर्धवट राहिली तर नेमकं शेपूटच तुटतं. यादी नाही म्हणजे फाइल नाही, असं समजून वर्ड हात वर करतो, मग आतला मजकूर धडधाकट का असेना. पण गाठोड्यातल्या प्रत्येक वस्तूच्या पुढ्यात तिची स्वतःची एक छोटी चिठ्ठीही असते. सेव्हन-झिपसारखं, झिपची गाठोडी सोडणारं सॉफ्टवेअर यादी सापडली नाही तर या चिठ्ठ्या वाचत पुढे सरकतं. वर्ड मजकुराची फाइल सहसा गाठोड्याच्या सुरुवातीलाच ठेवतो आणि चित्रं त्यानंतर, ही तर मोठीच कृपा.

म्हणून फाइल उघडेना की मी तिची नक्कल नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरं बघते. (बघायचं फक्त, तिथे सेव्ह करायचं नाही.) पी-के दिसलं तर आशा आहे. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही अक्षरं असली, तर ती पीडीएफ आहे, मग नावापुढे काहीही लिहिलेलं असो. कोनदार कंसात एचटीएमएल दिसलं, तर तुम्ही कागदपत्र उतरवलंच नाही. लॉगिन संपल्यावर संकेतस्थळाने पाठवलेलं वेबपान त्या नावाने साठवलं गेलंय. पुन्हा लॉगिन करून पुन्हा उतरवायचं, एवढंच.

जुन्या डॉक फाइलची खूण मला फार आवडते. तिचे पहिले चार बाइट सोळा-आधारी अंकांत (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) लिहिले तर डी०, सीएफ, ११, ई० असे येतात. एकला आय किंवा एल आणि शून्याला ओ समजून रोमनमध्ये वाचा: 'डॉकफाइल'! पासवर्ड घातलेली नवी डॉक्स फाइलही याच जुन्या खोक्यात बंद होते, त्यामुळे तिच्यात पी-के नसतं. ती बिघडलेली नाही, कुलूपबंद आहे.

एक प्रकार मात्र वाईट. वीज जाऊन कॉम्प्युटर बंद पडला, तर कधीकधी फाइलचा आकार बरोबर दिसतो आणि आत फक्त शून्यं असतात. डिस्कवर नोंद झाली, मजकूर पोचलाच नाही. अशा फाइलला कोणतंही दुरुस्तीचं सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. त्याच्यावर पैसे घालवू नका. त्याऐवजी वर्डने आपोआप राखलेली प्रत शोधा. मूळ सेटिंगमध्ये वर्ड दर दहा मिनिटांनी ती ठेवतो.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो, आणि त्यात फाइल नाहक बदनाम होते. जुना मराठी मजकूर उघडतो, पण पानभर रोमन अक्षरांचा काला दिसतो. कृतिदेव फाँटमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं साठवली जातात. फाँट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. फाँट नसला की मुखवटा गळतो. श्रीलिपीतल्या जुन्या मजकुराचंही तेच. तो फाँट टाका, किंवा त्याच फाँटसाठीच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. कितीतरी जुने अंक आणि लेख 'खराब फाइल' म्हणून टाकून दिले गेले असतील, या विचाराने जीव हळहळतो.

भाचीच्या नकलेत पी-के होतं. सेव्हन-झिपने 'फाइल अचानक संपली' अशी कुरकुर करत ती उघडली. मजकूर आला, तळटीपा आल्या; तिरप्या-ठळक अक्षरांची मांडणी गेली, कारण आतल्या फाइलीत मजकुराभोवती मांडणीच्या खुणांचं जंगल असतं आणि त्यातून शब्द तेवढे वेचावे लागले. शेवटच्या दोन आकृत्या मिळाल्या नाहीत. त्या तिने पहाटेपर्यंत बसून पुन्हा काढल्या.