दाबाच्या हवेचं बिल

दाबाच्या हवेची ताकद जगाला पटली ती आल्प्समध्ये. फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या माँ सनी रेल्वे बोगद्याचं काम १८५७ साली सुरू झालं. आत वाफेचं यंत्र चालवणं अशक्य, कारण धुरानेच माणसं गुदमरली असती. १८६१ पासून सोमेये या अभियंत्याची हवेवर चालणारी ड्रिल मशिनं तिथे खडक फोडू लागली आणि १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारी यंत्रं, फिरत होते डोंगरातून येणाऱ्या पाण्याच्या जोरावर. ड्रिलमधून सुटलेली हवा कामगारांना श्वासाला मिळे. वाया गेलेली हवाही तिथे उपयोगीच!

पुढे पॅरिसमध्ये व्हिक्टर पॉपच्या कंपनीने रस्त्यांखालच्या नळांमधून हवा विकली, आधी घड्याळं चालवायला, मग यंत्रं. हे जाळं १९९४ पर्यंत टिकलं. तिथे हवा विकत घ्यावी लागे. विजेच्या मोटरी आल्यावर मात्र प्रत्येक कारखान्याने आपला कॉम्प्रेसर कोपऱ्यात बसवला आणि हवेचा खर्च विजेच्या बिलात दिसेनासा झाला. ‘हवाच तर आहे’ ही वृत्ती, माझ्या मते, तिथलीच. प्रत्यक्षात मोटरने घेतलेली बहुतेक वीज उष्णता होऊन जाते. हवेवर चालणाऱ्या हत्यारापर्यंत उपयोगी काम म्हणून पोचते ती जेमतेम दहावा हिस्सा.

१९७३ च्या तेलसंकटानंतर बचतीची चर्चा सुरू झाली, पण नजर राहिली यंत्रावरच. फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणारे स्क्रू कॉम्प्रेसर रुळले होते, मात्र अनलोड अवस्थेतही, म्हणजे हवा न दाबता नुसते फिरतानाही, ते पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातात. यावर १९९० च्या दशकात गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारे कॉम्प्रेसर आले.

खरी गळती पाइपात होती. युरोपीय संघासाठी झालेल्या २००१ च्या अभ्यासात सरासरी एक तृतीयांश बचत शक्य दिसली आणि उपायांत गळती रोखण्याचा वाटा सर्वांत मोठा निघाला. ७ बार (वातावरणाच्या सुमारे सातपट) दाबाच्या हवेच्या लाइनला पडलेलं ३ मिलिमीटरचं भोक ३ ते ४ किलोवॉट गिळतं, तेही रात्रंदिवस. त्यात एक जुनी खोड: लाइनच्या टोकाचा ऑपरेटर ‘प्रेशर कमी येतंय’ म्हणतो, की कोणीतरी सेटिंग एक बारने चढवतो. वीज ६-७ टक्क्यांनी वाढते आणि दाब वाढल्यामुळे प्रत्येक भोकातून आणखी हवा सुटते. मुळात दाब पाडणारा चोंदलेला फिल्टर मात्र तसाच राहतो.

२०१३ च्या आयएसओ ११०११ या आंतरराष्ट्रीय मानकाने म्हणूनच कॉम्प्रेसर, पाइप आणि वापर या तिन्हींची तपासणी एकत्र बांधली. पहिली चाचणी मात्र घड्याळावरही होते. सगळी मशिनं बंद असताना लाइन चालू ठेवायची आणि कॉम्प्रेसर किती वेळ लोड घेतो, म्हणजे प्रत्यक्ष हवा दाबतो, ते मोजायचं. १० मिनिटांत ३ मिनिटं लोड दिसला, तर त्याच्या क्षमतेतली ३० टक्के हवा कुठेतरी फुसफुसत निघून जाते आहे.