लग्न न करता आई व्हायचंय? वय, कागदपत्रं आणि दत्तकाचा अर्ज, सगळं एका ठिकाणी

मागच्या महिन्यात ऑफिसमधली एक मुलगी डबा खाता खाता एकदम हळू आवाजात म्हणाली, ताई, लग्नाचं आता काही जमेल असं वाटत नाही, पण मूल हवंय, एकटीला कायद्याने घेता येतं का हो? ती 37 ची आहे. मी आधी तिला तिची जन्मतारीख विचारली, कारण या सगळ्यात पैसे, घर, लोक काय म्हणतील हे नंतर येतं, पहिल्यांदा वय मोजायचं असतं आणि बहुतेक जणींना हे फार उशिरा कळतं. मी स्वतः 35 व्या वर्षी रजिस्ट्रेशन केलं, अविवाहित, आज लेक घरात आहे. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय.

एकट्या बाईसमोर रस्ते तीन. स्वतःच्या पोटी मूल, सरोगसी आणि दत्तक.

पहिला रस्ता म्हणजे डोनर स्पर्म, म्हणजे दात्याचे शुक्राणू, घेऊन आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी). यासाठीचा एआरटी कायदा, म्हणजे अशा उपचारांनी गर्भधारणा करण्याचा कायदा, 2021 चा, लागू झाला जानेवारी 2022 मध्ये. त्यात बाईचं वय 21 च्या वर आणि 50 च्या आत हवं, बस. लग्न झालेलं पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे "मिस्टरांना घेऊन या" असं कुणी रिसेप्शनवर म्हणालं तर न घाबरता कायदा दाखवा. स्पर्म रजिस्टर्ड बँकेतूनच येतो, डोनर कोण ते तुम्हाला कळत नाही आणि त्याचा मुलावर कसलाही हक्क राहत नाही. क्लिनिक रजिस्टर्ड आहे का ते आधी बघा, सर्टिफिकेट मागायला लाजू नका. लेव्हल 1 चं क्लिनिक फक्त आययूआय करू शकतं, आयव्हीएफसाठी लेव्हल 2 लागतं. आणि एग फ्रीझ करून ठेवलेली असली तरी ती वापरतानाही ही 50 ची मर्यादा आहेच हे डोक्यात ठेवा, पण शरीर काही 50 पर्यंत वाट बघत नाही, म्हणून तिशीतच एकदा डॉक्टरकडे जाऊन तपासण्या करून घ्या, निर्णय नंतर घेतला तरी चालेल.

सरोगसीचं, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटी आपलं मूल वाढवण्याचं, थोडक्यात सांगते कारण तिथे बहुतेक जणींना दार बंदच आहे. 2021 च्या सरोगसी कायद्यात एकट्या बाईंपैकी फक्त विधवा किंवा घटस्फोटित, तेही 35 ते 45 वयातली, आणि वैद्यकीय कारण असेल तरच. 2023 च्या नियमबदलापासून त्यांनाही स्त्रीबीज स्वतःचंच वापरावं लागतं. अविवाहित बाईला परवानगी नाही. मला हे पटत नाही, लग्न होऊन मोडलेलं चालतं आणि झालंच नसेल तर चालत नाही यात मुलाचं काय हित आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण आज नियम असा आहे, म्हणून कुणी एजंट "करून देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता दत्तक. हे मी स्वतः केलंय म्हणून यावर जास्त लिहिणार.

देशातलं दत्तकाचं काम कारा नावाच्या संस्थेमार्फत चालतं, केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाखाली येते ती. कायदा बाल न्याय अधिनियम 2015, आणि त्याखाली 2022 चे दत्तक नियम. हा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. एकटी बाई, मग ती अविवाहित असो, विधवा असो, घटस्फोटित असो, मुलगा किंवा मुलगी कुणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक घेता येत नाही.

वयाचा हिशोब असा. एकट्या पालकाचं वय 40 पर्यंत असेल तर 2 वर्षांपर्यंतचं बाळ, 45 पर्यंत 2 ते 4 वर्षांचं मूल, 50 पर्यंत 4 ते 8 वर्षांचं आणि 55 पर्यंत 8 ते 18 वर्षांचं. शिवाय मूल आणि तुमच्यात किमान 25 वर्षांचं अंतर पाहिजे. आता यात एक गोष्ट जोडा, लहान आणि निरोगी बाळासाठी वेटिंग तीन-साडेतीन वर्षांचं आहे. म्हणजे 39 व्या वर्षी "बघू पुढच्या वर्षी" म्हणणारी बाई तान्ह्या बाळाच्या रांगेतून जवळजवळ बाहेरच पडलेली असते. तुम्ही वयाच्या कडेवर असाल तर तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन, माझं वय कुठल्या गटात धरणार, असं सरळ विचारून घ्या. महिला व बाल विकास कार्यालयातच हा कक्ष असतो.

रजिस्ट्रेशन काराच्या पोर्टलवर स्वतःच करायचं, ऑनलाइन. मध्ये कुणी माणूस लागत नाही. फॉर्म भरला की कागदपत्रं अपलोड करायला 30 दिवस मिळतात, आणि सगळं अपलोड होऊन रजिस्ट्रेशन पूर्ण झालं की रांगेतला नंबर सुरू. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, आधी फाइल तयार करा आणि मग फॉर्म उघडा. मी उलट केलं होतं आणि शेवटच्या आठवड्यात सायबर कॅफेत रात्री नऊपर्यंत बसले होते.

फाइलमध्ये काय लागतं तर तुमचा फोटो, पॅन कार्ड, जन्मतारखेचा पुरावा (जन्म दाखला नसेल तर दहावीचं सर्टिफिकेट), पत्त्याचा पुरावा म्हणजे आधार, मतदार कार्ड, लाइट बिल वगैरे, आणि उत्पन्नाचा पुरावा, पगार असेल तर सॅलरी स्लिप नाहीतर इन्कम टॅक्स रिटर्न. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा, नवरा गेला असेल तर मृत्यूचा दाखला. आधीचं मूल असेल आणि ते 5 वर्षांपेक्षा मोठं असेल तर त्याची संमती. ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं. पगार अमुक इतकाच हवा असा आकडा कायद्यात नाही, मूल सांभाळण्याइतकी ऐपत हवी एवढंच. आमचं घर भाड्याचं होतं, अजूनही आहे.

दोन कागदांवर जरा थांबते कारण बायका तिथेच अडकतात.

एक म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट. जुनाट, संसर्गजन्य किंवा जिवावर बेतेल असा आजार नाही आणि दत्तक घेण्यासाठी फिट आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं लागतं. मला डॉक्टरांनी लेटरहेडवर नुसतं "फिट" लिहून सही करून दिली, ते परत आलं, पुन्हा रजा टाकून दवाखान्यात गेले. जाताना मजकूर कागदावर लिहूनच न्या.

दुसरा कागद एकट्या बाईसाठी सगळ्यात जड. तुमचं काही बरंवाईट झालं तर मूल मी सांभाळेन असं एका नातेवाइकाचं हमीपत्र. कागद एका पानाचा आहे पण तो कुणाकडे मागायचा यावर मी दोन महिने घालवले. शेवटी सांगलीला भावाकडे गेले. वहिनी चहा ठेवत होती, भावाने कागद वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला आणि म्हणाला, सही मी एकटा नाही करणार, हिलाही वाचू दे. वहिनीने ओट्याशी उभं राहून सगळं वाचलं, गॅस बारीक केला आणि विचारलं, मुलगी आली तर ती आमच्याकडे सुट्टीला येईल ना दरवर्षी? मग भावाने सही केली. त्या दिवशी मला खात्री पटली की आपण हे करू शकतो. तुम्हीही हा कागद फोनवर मागू नका, समोर बसून बोला, आणि ज्याच्या घरात मूल खरंच राहू शकेल अशाच माणसाकडे मागा.

कागदपत्रं दिल्यावर 60 दिवसांच्या आत होम स्टडी, म्हणजे घराची आणि घरच्यांची पाहणी, व्हायला हवी. जवळच्या दत्तक संस्थेतून किंवा बाल संरक्षण कक्षाकडून सोशल वर्कर घरी येतात, फी 6,000 रुपये, पावती घ्या. लोक घर चकाचक करतात, तशी गरज नाही. आमच्याकडे आलेल्या मॅडमनी बाथरूमकडे बघितलंसुद्धा नाही, आईशी अर्धा तास बोलल्या आणि मला विचारलं, तुम्हाला उद्या डेंग्यू झाला तर मुलाला डबा कोण देणार, शाळेतून कोण आणणार? नावानिशी उत्तर द्यायला लागतं. शेजारच्या काकू, मैत्रीण, पाळणाघर, ऑफिसची वेळ हे सगळं आधी ठरवून ठेवा. मुलाला दत्तक असल्याचं सांगणार का, कधी, हेही विचारतात. लपवणार असाल तर माझ्या मते अजून थांबा. हा रिपोर्ट 3 वर्षं चालतो, तोपर्यंत नंबर लागला नाही तर नवा करावा लागतो.

मग वाट बघणं. हा काळ कठीण जातो, पोर्टल उघडून नंबर बघायची सवय लागते, मी रोज बघायचे. एवढा वेळ का लागतो असं सगळे विचारतात, तर एक म्हणजे घेणारे खूप आणि कायद्याने मोकळी झालेली, म्हणजे दत्तक देता येतील अशी, मुलं कमी. आणि मूल मोकळं व्हायलाही वेळ द्यावाच लागतो, आईवडिलांनी स्वतः मूल सोपवलं असेल तर त्यांना विचार बदलायला 60 दिवस असतात, सापडलेलं बाळ असेल तर आधी त्याच्या घरच्यांचा शोध घेतात आणि मगच बाल कल्याण समिती त्याला मोकळं जाहीर करते. रांगेत असताना याचा राग यायचा, आता वाटतं त्या बाईला ते दोन महिने मिळायलाच हवेत.

थोड्या मोठ्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलाची तयारी असेल तर इतकं थांबावं लागत नाही, पोर्टलवर त्यांच्यासाठी वेगळा विभाग आहे, पण हे दया म्हणून करू नका, त्या आजाराची नीट माहिती घेऊन करा.

नंबर लागला की मुलाचा फोटो, त्याची माहिती आणि मेडिकल रिपोर्ट दिसतो आणि 48 तासांत होय म्हणून राखून ठेवायचं असतं. असं तीनदा मूल सुचवलं जातं. त्या 48 तासांत काय करायचं ते आधीच ठरवा, मी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवलं होतं, रिपोर्ट त्यांना पाठवला, रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला, वजन कमी आहे पण भरून निघेल. मी होय वर क्लिक केलं. त्यानंतर संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं, तिथे संस्थेच्या दत्तक समितीशी बोलणं होतं, हवं तर आपल्या डॉक्टरकडून तपासूनही घेता येतं, हे सगळं साधारण 30 दिवसांत. स्वीकारल्यावर 10 दिवसांत सही करून मूल घरी आणता येतं, याला दत्तकपूर्व पालकत्व म्हणतात. कायदेशीर आदेश त्यानंतर. 2021 च्या दुरुस्तीने हा अधिकार कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांना दिलाय आणि आदेशासाठी दोन महिन्यांची मुदत ठेवलीय. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर येऊन मूल कसं आहे ते बघतात. ऑफिसात रजेचं आधीच लेखी विचारून ठेवा, मूल घरी आणायचा फोन आला की वेळ उरत नाही.

नात्यातलं मूल घ्यायचं असेल, म्हणजे बहिणीचं किंवा भावाचं, तर तेही पोर्टलवरूनच होतं, पण तिथे वर सांगितलेली वयाची मर्यादा लागत नाही. हिंदू दत्तक कायदा 1956 खालीही अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाई दत्तक घेऊ शकते. भुसावळच्या एका प्रकरणात बहिणीची मुलगी दत्तक घेऊ पाहणाऱ्या घटस्फोटित शिक्षिकेला, तुम्ही नोकरी करता, मुलीकडे लक्ष देता येणार नाही, असं म्हणून खालच्या कोर्टाने नाही म्हटलं होतं. 2023 मध्ये मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द केला आणि ही मध्ययुगीन मानसिकता आहे असं स्पष्ट सुनावलं. नोकरी करता म्हणून कुणी अडवलं तर हा निकाल लक्षात असू द्या.

दवाखान्यातून, ओळखीतून, "एका मुलीला नकोय, तुम्ही घेऊन जा" असं कुणी सांगितलं तर नाही म्हणा, कितीही कळवळा आला तरी. मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि मूल तुमच्याकडून काढून घेतलं जातं ते वेगळंच. त्या आईला बाल कल्याण समितीकडे घेऊन जा, तीच खरी मदत.

शेवटचा प्रश्न सगळ्यांचा असतो, बापाचं नाव. दत्तकाच्या आदेशानंतर मुलाचा जन्म दाखला तुमच्या नावाने निघतो. पोटच्या मुलासाठी सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच सांगितलंय की एकट्या आईने प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यायचा. पासपोर्टला 2016 पासून एका पालकाचं नाव पुरतं, पॅनला 2018 पासून एकट्या आईच्या मुलाला वडिलांच्या नावाची सक्ती नाही. आपल्या राज्यात तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आलंच पाहिजे असा नियम झालाय. तरी शाळेच्या फॉर्मवर तो रकाना येतोच. मी तिथे आडवी रेघ मारते आणि सोबत आदेशाची झेरॉक्स जोडते, आजपर्यंत कुणी फॉर्म परत केलेला नाही.

ऑफिसमधल्या त्या मुलीने पॅन आणि दहावीचं सर्टिफिकेट स्कॅन करून मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय. या रविवारी ती धाकट्या बहिणीकडे नाशिकला चाललीय, हमीपत्राचं बोलायला.